दाणा लपायच्या सतरा जागा

सुलाक्काच्या गिरणीत कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. सुलाक्का तर गिरणीबाहेरही ओरडते, कारण चाळीस वर्षं त्या घरघरीत काढल्यावर माणसं हळूही बोलतात हे ती पार विसरून गेली आहे. बँकेत, देवळात, मयताच्या घरी, सगळीकडे तिचा आवाज एकाच पट्टीतला. तिचा फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरते, आणि तरीही शाळेत सगळ्यांना कळतं की आष्ट्याहून पीठ निघालेलं आहे.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. आष्टा माझं सासर. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी गव्हाचा डबा हातात देऊन मला गिरणीत धाडलं, तेव्हा मी नुकती बी.एड. झालेली आणि थोडा माज असलेली सून होते. गिरणीत जमिनीत एक हौद, त्यावर लोखंडी जाळी. मी डबा खांद्याएवढा उचलला आणि भसकन रिकामा केला.

"ए बाई! दगडं टाकतीस का काय?" माळ्यावरून आवाज आला. वर पाहिलं तर शिडीच्या टोकाला पांढऱ्या भुवयांची, पांढऱ्या पापण्यांची एक बाई. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ती शिडीवरून अशी सरसर उतरली की मी दोन पावलं मागे सरले. "दाणा टाकायचा न्हाई, सोडायचा! उंचावरनं पडला की उडतो. उडला की लपतो. लपला की दुसरीच्या डब्यात जातो, आन मग ती माज्या नावानं बोंबलती. वाकायला काय कंबर मोडलीया तुजी?"

सात-आठ बायकांसमोर मला उकिडवं बसून जाळीबाहेर उडालेले दाणे वेचावे लागले. मी रागाने लालबुंद. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, त्या बाईकडे पुन्हा जाणार नाही. तो म्हणाला, "जाऊ नकोस, पण पीठ तिच्याच गिरणीचं आण." हे कसं जमवायचं ते त्याने सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा हौदापाशी उभी होते, आणि डबा गुडघ्याच्या खाली आणून, जाळीला टेकवून, हळूच तिरपा करत होते. वरून आवाज आला, "हां! आता कशी बाईगत वतलीस."

त्या दिवसापासून मी तिची 'बाई' झाले. शाळेतल्या नोकरीचा त्याच्याशी संबंध नव्हता, ती मला नंतर लागली.

ही गिरणी नेहमीच्या चक्कीसारखी नाही. कुणा व्यापाऱ्याने पीठ बांधून दुकानांना विकायचं म्हणून ती उंच बांधली होती. तो धंदा बसला आणि गिरणी गावच्या डब्यांवर आली. हौदातून थेट छपरापर्यंत गेलेली एक उभी लाकडी पेटी आहे. तिच्या आत एक पट्टा फिरतो आणि पट्ट्याला वीतवीत अंतरावर पत्र्याच्या वाट्या ठोकलेल्या आहेत. वाटी खाली हौदात बुडते, भरून वर जाते, छपराशी उलटी होते आणि रिकामी होऊन परत येते. विहिरीवरच्या रहाटासारखंच, म्हणून सगळे त्याला रहाटच म्हणतात. वर उलटलेला दाणा पन्हळीतून घरंगळतो, हलत्या चाळणीवर पडतो, तिथून हॉपरमध्ये आणि हॉपरमधून दगडांच्या तोंडात. दगड माळ्यावर, पीठ खाली. कापडाच्या लांब बाहीतून ते उतरतं आणि आपल्या डब्यात साठतं.

आता गंमत अशी, की साध्या चक्कीत आपला दाणा हातभर प्रवास करतो. इथे तो घरभर हिंडतो. आणि हिंडताना वाटेत कुठेकुठे बसून राहतो. एकीचा गहू, दुसरीची ज्वारी, तिसरीची बाजरी एकामागून एक त्याच वाटेने जाणार, तर त्यांची मिसळ होऊ नये हे सांभाळायचं कुणी? ते सुलाक्काने सांभाळलं. आधी तिचा नवरा मिस्त्री होता. त्याचे गुडघे गेले म्हणून ती शिडी चढायला लागली, आणि पुढे तो गेला तेव्हा गिरणी तिच्याकडेच राहिली. तिच्या आयुष्याबद्दल मला याहून फारसं माहीत नाही. विचारलं तर म्हणते, "त्यात काय सांगायचं? दाणा वर गेला, पीठ खाली आलं."

एक मात्र ती आपणहून सांगते. तिचं माहेर साताऱ्याकडे, वडूजजवळचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. "आमचा बा शंभर मेंढरात एक परकं आलं तर चालीवरनं वळखायचा," असं ती मान ताठ करून म्हणते. "दाण्याचं बी तसंच हाय बग. नजरंआड झाला की गेला दुसऱ्याच्या कळपात."

गिरणीत ती कायम अनवाणी. पायाखाली दाणा आला की न बघता सांगायची, "शाळू. कुणाचा सांडला गं?" डबा आला की आधी त्यात हात घालून एक दाणा दाताखाली धरायची. कट् आवाज आला तर ठीक. नुसता दबला, तर डब्याला झाकण लावून परत. "दोन उनं दाव आन मग ये. वला दाणा माज्या वाट्यांला चिकटतोय." एका मोठ्या बागायतदाराच्या घरचं पोतं तिने असं तीनदा परत धाडलं होतं. तिसऱ्यांदा खुद्द मालक आले. अक्का त्यांना म्हणाली, "आवं, तुमचा ऊस कारखाना घेतोय म्हणून गहू बी मी घ्यावा व्हय?" ते हसले आणि पोतं घेऊन गेले. चौथ्यांदा दाणा कट् वाजला.

एकीचं दळण संपून दुसरीचं सुरू व्हायच्या आधी वाटेत जो दाणा उरतो त्याला ती 'शेपूट' म्हणते. शेपूट काढल्याशिवाय पुढचा डबा ओतायचा नाही, हा तिचा कायदा. शिडीवर चढताचढता ती लाकडी पेटीवर मूठ ठोकत जायची, खाली एकदा, मध्ये एकदा, वर एकदा. मग पेटीला कान लावायचा. त्या सगळ्या गोंगाटात तिला शेवटच्या वाटीतला शेवटचा दाणा पन्हळीवर पडलेला कसा ऐकू यायचा, हे मला आजही कळलेलं नाही. मी ध्वनी शिकवते. मी स्वतः पेटीला कान लावून पाहिला. मला फक्त घरघर ऐकू आली, आणि कानात पीठ गेलं.

"दाणा लपायच्या सतरा जागा हायत हितं," ती बोटांवर मोजून दाखवायची. हौदाचा उजवा कोपरा, पट्ट्याची खालची पुली, वाटीला ठोकलेल्या खिळ्याचं डोकं, पन्हळीचा सांधा, चाळणीच्या कापडाची घडी, आणि अशा सतरा. "दाणा लय आळशी. जागा गावली की बसला. त्याला उठवायला लागतंय."

या सतरा जागांवरून एकदा चांगलंच रामायण झालं होतं. फौजेतून आलेले एक सुभेदार आहेत. जमीन बरी, मिशा त्याहून बऱ्या. त्यांनी हौसेने खपली गहू केला होता आणि त्याच्या पोळ्यांची तारीफ गावभर करत फिरायचे. एक दिवस ते तणतणत गिरणीत आले. पीठ पांढरं दिसतंय, आपला खपली चोरून साधा गहू मिसळलाय, असा त्यांचा आरोप. सगळ्यांदेखत. मी तेव्हा डबा घेऊन रांगेत होते. मला वाटलं आता भांडण पेटणार, आणि खरं सांगते, मला ते बघायचं होतं.

अक्का ओरडली नाही. मोटर बंद केली. खालच्या पुलीची फळी काढली, हात आत घातला आणि कोंबडीच्या पिसाने खरवडून काढलेले दाणे तळहातावर घेऊन आली. वीस-बावीस असतील. सुभेदारांपुढे हात धरला. "हे चार तुमचं खपली. लांबुडकं, बगा. हे नऊ लोकवन, पवाराच्या सुनेचं, सकाळचं पयलं दळण तिचं. ही बाजरी. आन हा हरभरा कुणाचा गं?" मागून एक म्हातारी म्हणाली, माझा. "आता सांगा सुभेदार, तुमच्या डब्यात काय मिसळलं? तुमचंच चार दानं हितं ऱ्हायलं, ते घ्या." आणि तिने ते चार दाणे मोजून त्यांच्या हातावर ठेवले. सुभेदारांनी चारही दाणे खिशात ठेवले. मग त्यांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. त्या दिवसापासून ते तिचे पक्के माणूस झाले. पीठ पांढरं का होतं, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने सांगितलं: चाळताना तिनेच दुकानचा मैदा घातला होता, पोळी मऊ व्हावी म्हणून.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण आता जे सांगायचं आहे ते हसत सांगता येणार नाही.

माझी मुलगी जुई आठ वर्षांची असताना खंगायला लागली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. खाल्लेलं अंगी लागेना, दर चार दिवसांनी जुलाब. बऱ्याच तपासण्या झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की गव्हातला एक चिकट पदार्थ तिच्या आतड्याला सोसत नाही. सीलिअॅक म्हणतात त्याला. औषध एकच: आयुष्यभर गहू बंद. "पोळी बंद असं नाही," डॉक्टर म्हणाले, "गव्हाचा कणसुद्धा बंद. ज्वारीच्या पिठात चिमूटभर गहू गेला तरी आतडं पुन्हा सोलवटणार." सांगलीला आल्यावर घेतलेल्या आमच्या घरघंटीत सात वर्षं गहूच दळला होता. म्हणजे आजवर आम्ही तिला कौतुकाने भाकरी म्हणून जे दिलं, त्यातही तो होताच. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले.

नवी घरघंटी घ्यायचं ठरलं. त्या रविवारी आष्ट्याला गेलो होतो, बोलताबोलता अक्काला कळलं. तिने जुईकडे बघितलं. हातातला झाडू खाली ठेवला.

"कण बी नगं?"

"कणसुद्धा नको, अक्का."

"मग मी दळते," ती म्हणाली. "कणाला हुडकून भायेर काढायचं काम माजं हाय. बाई, चाळीस वरसं मी दुसरं काय केलं? सतरा जागा हायत. सतरा बी धुते. पोरीला नीट भाकरी मिळंल."

मी विज्ञान शिकवते. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला ती तळहातावरच्या दाण्यांची आठवण होती, आणि जगात कुणाला हे जमेल तर हिलाच, असं मला मनापासून वाटलं. मी हो म्हणाले. हा माझा दोष, आणि तो मी कुणावर ढकलणार नाही.

अक्का स्वतः वडूजला भावाकडे जाऊन शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, दोन पोती घेऊन आली. "त्याच्या रानात गहू येतच न्हाई, पाणी कुठाय?" पोतीसुद्धा नवी कोरी. मग दोन दिवस गिरणी बंद ठेवून तिने ती धुतली. पट्टा उतरवला, एकेक वाटी गरम पाण्यातून काढली, पन्हळ उन्हात घातली, चाळणीला आणि बाहीला नवं कापड शिवलं, दगड उचलून त्यांच्या खाचा तारेच्या ब्रशने घासल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जुईचं दळण झालं. पीठ असं आलं की त्याची भाकरी टम्म फुगली, आणि जुईने पहिल्यांदा दुसरी भाकरी मागितली.

पाचव्या दिवशी जुई पुन्हा आजारी पडली. उलट्या, जुलाब, सलाईन. घरात दुसरं काही नवं आलेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, पीठ कुठलं? मी सांगितलं, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

पोरीला नवऱ्याच्या ताब्यात देऊन मी तडक आष्टा गाठलं. गिरणीत गर्दी होती. मी दारातूनच ओरडले, "अक्का, काय मिसळलंत?"

"काय बी न्हाई."

"मग पोरगी दवाखान्यात का आहे? मोठ्या सतरा जागा! मीच मूर्ख, तुमच्या बढाईवर भुलले आणि पोरीला विष घातलं!" याहून वाईटही बोलले. ते इथे लिहीत नाही.

अक्काच्या तोंडावर पीठ होतं, त्यामुळे तिचा रंग उतरला की नाही ते दिसलं नाही. तिने मोटर बंद केली. रांगेतल्या कुणालाच घरी पाठवलं नाही.

"चल वर," ती म्हणाली. "त्या दिशी सकाळी आल्यापासनं मी जे जे केलं ते तसंच्या तसं करून दावते. तू परीक्षा घेतल्यासारखी बग. चुकलं तिथं धर मला."

ती दाराबाहेर गेली आणि पुन्हा आत आली. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. हौदाचा कोपरा पुसल्यासारखं केलं. फळी काढून पुलीत हात घातला. बोलत होती, "हितं पुसलं. हितं पिसानं काडलं. मग वर आले." मी तिच्या मागोमाग शिडी चढले. "पन्हळ बगितली. चाळणीवर हात फिरवला. हॉपरात दिवा धरून बगितलं. काय बी नव्हतं. मग खाली गड्याला हाळी दिली, दाब बटन..."

हे म्हणत असतानाच तिचा उजवा हात बाजूला गेला. दगडाशेजारी खिळ्याला एक जुना तेलाचा डबा टांगलेला असतो. हात त्या डब्यात गेला, मूठ भरून बाहेर आला आणि दगडाच्या तोंडावर जाऊन थांबला. ती अजून बोलतच होती. मी मुठीकडे बघत होते. माझी नजर बघून तिनेही खाली पाहिलं.

मूठ उघडली. गहू.

एकाच मोटरवर सगळं फिरतं. बटण दाबलं की दगड लगेच फिरायला लागतात, पण रहाटातला दाणा वर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ दगडाला दगड घासू नये, म्हणून रोज सकाळी गिरणीची पहिली मूठ गिरणीचीच. तिला 'गिरणीचा घास' म्हणतात. नवऱ्याने घातलेली रीत, चाळीस वर्षं एक दिवस चुकलेली नाही. दोन दिवस मरमर धुतलेल्या त्या गिरणीत तिच्याच हाताने पहिली मूठ गव्हाची टाकली होती, आणि त्या हाताने तिला ते कळूही दिलं नव्हतं.

तिने मूठ पुन्हा मिटली. हातातले दाणे तसेच. मग ती शिडी उतरली, आणि रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर उभी राहिली. तिचं ओरडणं तर नेहमीचंच, पण त्या दिवशी आवाज फाटला.

"ऐका गं समद्या! बाईची पोरगी दवाखान्यात हाय ती माज्या हातानं. गहू मी घातला. ह्या मुठीनं. मी सतरा जागा सांगत हुते, अठरावी माजी मूठ निघाली. गावात कुणी इचारलं तर हेच सांगा, दुसरं काय सांगू नगा."

 एवढ्या वर्षांत त्या गिरणीत मी शांतता पहिल्यांदाच ऐकली. मला वाटलं होतं तिची चूक सापडली की माझा राग निवेल. निवला नाही, पण तो तिच्यावर करताही येईना. दुसरी कुणी असती तर मुठीतला गहू हळूच पदरात टाकून 'बघ, काहीच नाही' म्हणाली असती, आणि मला जन्मात कळलं नसतं.

जुई आठवड्याने घरी आली. आम्ही नवी घरघंटी घेतली. पण त्या पिठाची भाकरी मला जमेना. पीठ गरम होऊन विरी जायचं, भाकरी थापताथापता तुटायची. दोष घरघंटीचा की माझ्या हाताचा, देव जाणे. पोरगी नुसत्या भातावर आली आणि पुन्हा उतरायला लागली. अक्काचा फोन आलेला नव्हता. दीड महिन्याने आला, आणि इतका हळू, की मी फोन चक्क कानाला लावला.

"बाई, मी दुसऱ्यांदा दळलंय. पोरीला देऊ नगंस. आदी कुठं तपासतात तिथं दे."

मी ते पीठ पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल आला: गव्हाचा अंश आढळला नाही. मी लगेच फोन केला.

"कागदाचं ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "पोरीचं पोट काय म्हंतंय ते मला म्हैन्यानं सांग."

पोट काही म्हणालं नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही.

तेव्हापासून त्या गिरणीत महिन्यातला एक सोमवार बिनगव्हाचा असतो. शनिवारी दुपारी गहू बंद, रविवारभर धुणं, सोमवारी पहाटेपासून फक्त शाळू, बाजरी, तांदूळ. डॉक्टरांकडून कळून आणखी तीन घरची दळणं आता तिथे येतात, एक तर थेट कराडहून. खिळ्यावरचा डबा नवा आहे आणि त्यात कायमचा शाळू आहे. आणि दारात खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन सुभेदार बसलेले असतात. येणाऱ्या प्रत्येक डब्याचं झाकण ते स्वतः उघडतात. "गहू? पीछे मुड!" एकदा त्यांच्या बायकोलाच त्यांनी दारातून परत पाठवलं. ती म्हणाली, आता संध्याकाळी जेवायला या घरी.

गावातल्या काहींनी कुरकुर केली. चार घरांसाठी अख्खं गाव का थांबायचं? अक्का म्हणाली, "गाव थांबतंय व्हय? गावाला पोळी न्हाई मिळाली तर गाव भाकरी खाईल. त्या पोरांनी काय खायाचं?" 

पीठ घेऊन ती स्वतः एसटीने सांगलीला यायची, दर महिन्याला. पण घरात पाऊल टाकायची नाही. दाराबाहेर डबा ठेवायचा, तीन पावलं मागे सरायचं आणि तिथूनच बोलायचं. जुई पुढे झाली की ही मागे. चहासुद्धा तिथेच, भिंतीला टेकून. "माज्या अंगात गहू मुरलाय बाई. नखात हाय, केसात हाय." मी तिला शंभर वेळा सांगितलं, पोटात गेल्याशिवाय काही होत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. ती म्हणायची, "डाक्टरनं गिरणी चालिवलीया का कवा?" आधी ज्या पोरीचे गाल ओढल्याशिवाय ती दळण घेत नव्हती, तिला तिने वर्षभर बोट लावलं नाही. जुईला वाटायचं अक्का आपल्यावर रागावली आहे. मी समजावायची, पण लेकरांना हे कसं कळणार?

गेल्या महिन्यात जुईच्या रक्ताची वर्षाची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाले, आतडं भरून आलंय, आता हिला वाढू द्या. वजन साडेपाच किलोंनी वाढलं होतं. अक्का पीठ घेऊन आली तेव्हा मी दार उघडून आधी तेच सांगितलं. तिला पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसावं.

"काय म्हनला डाक्टर?"

"बरी आहे, अक्का! पूर्ण बरी आहे!" आता मीच ओरडत होते.

अक्काने डबा खाली ठेवला आणि सवयीने तीन पावलं मागे सरली. तेवढ्यात माझ्या काखेखालून जुई सुटली आणि तिने अक्काच्या कमरेला घट्ट मिठी मारली. अक्काने दोन्ही हात एकदम डोक्याच्या वर नेले, समोरून कुणी बंदूक रोखल्यासारखे. "आगं सोड! सोड माजे बाय! गहू हाय गं अंगाला! बाई, वढ तिला, बगत काय उबी ऱ्हायलीस!" खालच्या वरच्या मजल्यांवरची दारं धडाधड उघडली. जुई सोडेना. मी ओढलं नाही. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गालावरून हनुवटीपर्यंत येत होतं, आणि ते पुसायलासुद्धा तिने हात खाली आणले नाहीत.